गाडी धंद्यात दाखवणे

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

काल कोंडापूरला पुष्कररावांकडे जेवण. पुष्कर म्हणजे सुलभाच्या धाकट्या बहिणीचा, श्रुतीचा नवरा. माझा साडू. पुण्याचा, आयटीतल्या नोकरीसाठी इकडे आलेला. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण बोलायला लागला की मी त्याच्याकडे शिकवणीला आलोय असं वाटतं. त्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली. म्हणजे कंपनीने लीजवर घेतली आणि हा फिरवतो. जेवणाआधी आम्हाला बेसमेंटमध्ये नेलं. गाडीचा आवाज येत नाही हे ऐकवण्यासाठी ती तीनदा सुरू केली.

वर आल्यावर मला बासुंदी वाढत म्हणाला, प्रतापराव, तुमचा तर स्वतःचा बिझनेस आहे, तुम्ही घ्यायलाच हवी, सगळी टॅक्समध्ये निघून जाते. सगळ्यांसमोर म्हणाला. म्हणजे मला हे माहीत नव्हतं असं सगळ्यांना वाटलं. मला ते माहीत नव्हतं, पण तो मुद्दा वेगळा.

हिमायतनगरात वीस वर्षं प्रताप ट्रॉफी सेंटर चालवतोय. या शहरात कुणाचाही सत्कार झाला तर ट्रॉफी बहुधा आमच्या दुकानातली असते. दर महिन्याला टॅक्स भरतो. या देशात टॅक्स भरणारे मूठभर, आणि त्यांच्या जिवावर बाकीचे फ्लायओव्हरवरून फिरतात. आता मीही थोडा परत घेणार आहे.

ठरलं. मार्चच्या आत गाडी. पुष्करच्या गाडीपेक्षा एक साइझ मोठी.

५ नोव्हेंबर, बुधवार

दुकानात बसून अभ्यास. मोबाईलवर एक टॅक्स गुरू सापडला. कोट घालतो, फार बोलत नाही, कामाचं बोलतो. इलेक्ट्रिक गाडीवर चाळीस टक्के घसारा. म्हणजे गाडीच्या किमतीतले चाळीस टक्के सरकार परत देतं. कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची सूट. पाच टक्के जीएसटी, तोही परत. तेलंगणात रोड टॅक्स माफ. पाठकोऱ्या कागदावर बेरीज केली तर गाडी जवळजवळ फुकट. दुसऱ्या वर्षीचा घसारा धरला तर सरकारच माझं देणं लागतं. लोकांना हे माहीत नाही म्हणून ते पेट्रोल पंपावर रांगा लावतात.

तेवढ्यात सुलभाने पुन्हा मशीनचा विषय काढला. तिला लेझर मशीन हवंय, ट्रॉफीवर नावं कोरायला. सध्या नावाच्या पट्ट्या नामपल्लीला एकाकडून कोरून आणतो. तो उशीर करतो हे खरं, पण माणूस चांगला आहे. मशीनसाठी तिने तीन वर्षं पैसे साठवून एफडी केली आहे. मी तिला शांतपणे समजावलं, की मशीन हा खर्च आहे आणि गाडी ही बचत आहे. ती म्हणाली, मशीन नावं कोरतं, गाडी काय करणार? ज्यांना टॅक्स कळत नाही त्यांच्याशी वाद घालायचा नाही, हा नियम आजपासून.

९ नोव्हेंबर, रविवार

शोरूम. सेल्समनचं नाव कुलदीप. पोरगा हुशार. मला पाहिल्याबरोबर म्हणाला, साब तो बिजनेस वाले दिखते. मी धंद्याचं नाव सांगितलं. लगेच म्हणाला, तो फिर सोचना कायकू साब, धंदे में दिखा देव, गाडी फ्री पडती.

धंद्यात दाखवा. हेच. टॅक्स गुरूला जे सांगायला अर्धा तास लागला ते याने दोन शब्दांत सांगितलं. सुलभा शेजारी बसली होती. तिने विचारलं, दाखवा म्हणजे कुणाला दाखवा? कुलदीप हसला. मीही हसलो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

प्रियदर्शिनीचे तीन मिस्ड कॉल. ही आमची सीए. खरे सीए तिचे वडील, हिम्मतराव. ते घरी बसल्यापासून ऑफिस ही बघते. मराठी बोलते, पण वाचायला दिली की अक्षरांवर बोट ठेवते. शाळेत असताना हिला वक्तृत्वात तिसरा नंबर मिळाला होता, ती ट्रॉफी आमच्या दुकानातली. नावाची पट्टी मी स्वतः चिकटवली होती. आता ही मला शिकवणार.

काल मी तिला फक्त एवढंच कळवलं होतं, की इलेक्ट्रिक गाडी घेतोय, धंद्यात दाखव. त्यावर तीन फोन. गेल्या वर्षीची तिची फी राहिलीय, त्यासाठीच असणार. उचलला नाही. मग मेसेज आला: अंकल, प्लीज घ्यायच्या आधी माझ्याशी बोला. आधी कशाला? हिशेब हा खर्च झाल्यावर करायचा असतो. खर्चच झाला नाही तर ती हिशेब कशाचा करणार? सीए झाली पण धंदा कळला नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

एफडी मोडली. दोघांच्या नावावर होती, तिची सही लागली. तिने केली. बँकेत एक शब्द बोलली नाही, म्हणजे तिला पटलं.

बाहेर आल्यावर एकच विचारलं. सिकंदराबादच्या शाळेचं डिसेंबरात गॅदरिंग आहे, दोनशे चाळीस ट्रॉफ्या, नावं कोण कोरणार? मी म्हणालो, नामपल्लीवाला. तो शब्दाचा माणूस आहे. ती रिक्षाने दुकानात गेली, मी शोरूमला गेलो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

गाडी आली. निळी. हिरवी नंबर प्लेट, पांढरी अक्षरं. पुष्करच्या गाडीपेक्षा एक साइझ मोठी. मोजलेलं आहे.

शोरूममध्ये पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात देऊन फोटो काढला. मग मला एक मोमेंटो दिला. ॲक्रिलिकचा. हलका माल, कडा घासलेल्या नाहीत, पट्टी वाकडी, आणि माझं नाव पर्ताप. हा माल कोठीच्या कुठल्या दुकानातला आहे ते मी नुसत्या वजनावरून सांगू शकतो. वीस लाखांची गाडी विकणारे लोक दीडशेचा मोमेंटो देतात आणि तोही माझ्यासारख्याला. त्या मॅनेजरला माझं कार्ड दिलं. त्याने ते न वाचता खिशात टाकलं.

सुलभाने गाडीला हळदकुंकू लावलं. आत बसल्यावर म्हणाली, आवाज येत नाही. मी म्हटलं, हेच तर. ती म्हणाली, मला वाटलं सुरूच झाली नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

टॅक्स गुरूचा नवीन व्हिडिओ. गाडी घरच्या कामाला वापरली तर तेवढा भाग खर्चातून कापतात. हे आधी सांगायला काय झालं होतं? पण मी गडबडलो नाही. उपाय काढला. गाडी घरच्या कामाला वापरायचीच नाही. जिथे जाईन तिथे धंद्यासाठी जाईन.

दोन्ही दरवाजांवर मोठे स्टिकर लावले: प्रताप ट्रॉफी सेंटर, हिमायतनगर, खाली फोन नंबर. शिवाय मागच्या सीटवर एक ट्रॉफी कायम ठेवायची. ट्रॉफी गाडीत आहे म्हणजे डिलिव्हरी चालू आहे. कुणी अधिकाऱ्याने अडवलं तर दाखवता येईल. वजनदार ट्रॉफी ठेवली तर गाडी बेल्टसाठी पीं पीं करते, म्हणून तिला बेल्ट लावला. सलूनला गेलो: डिलिव्हरी. दाताच्या डॉक्टरकडे: डिलिव्हरी. भाजी: मार्केट सर्व्हे. सगळं तारीखवार लिहायला सुरुवात केली.

३० नोव्हेंबर, रविवार

गाडी दाखवायला पुष्करकडे. डोकं अजून तापलेलं आहे.

गेटवरच्या सिक्युरिटीने स्टिकर वाचला आणि म्हणाला, डिलिव्हरी वाले पीछे के गेट से. मी सांगितलं, मी नातेवाईक आहे. त्याने मागच्या सीटवर बेल्ट लावून बसलेली ट्रॉफी बघितली आणि पुन्हा म्हणाला, पीछे से. सुलभा उतरली आणि पुढच्या गेटने चालत गेली. मी मागून. कचऱ्याच्या डब्यांच्या शेजारी गाडी लावली. गळ्यात पास: व्हेंडर. लिफ्टही सामानाची. ट्रॉफी बरोबर घेणं भाग होतं, नाहीतर ही खेप धंद्यात बसली नसती.

दार पुष्करने उघडलं. ट्रॉफी बघून म्हणाला, अरे, माझ्यासाठी? कशाबद्दल? म्हणालो, सहजच. त्याने ती घेतली आणि टीव्हीशेजारी ठेवली. साडेआठशेचा माल. खर्चाच्या यादीत जाहिरात असं लिहिलं आहे.

गाडी खाली बघायला चला म्हटलं तर म्हणाला, खिडकीतून दिसतेय की. मग विचारलं, तुम्ही कुठल्या रेजीममध्ये आहात? मी सांगितलं, मी राजकारणात पडत नाही. श्रुती उठून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. नंतर सुलभाने घरी सांगितलं, की रेजीम म्हणजे टॅक्सची जुनी पद्धत की नवी पद्धत. मग सरळ मराठीत विचारायला काय होतं? पुण्याचे ना.

८ डिसेंबर, सोमवार

बिल्डिंगच्या असोसिएशनने चार्जिंग पॉइंट नाकारला. सेक्रेटरी अनिल म्हणतो, आग लागेल. याच्या घरी रोज वादावादी होऊन आग लागते, ती चालते. वायर दुकानातून काढली. चांगलंच झालं, वीजही आता धंद्यात. फक्त गाडी लावली की दुकानातला कॉम्प्युटर बंद पडतो. सुलभाला म्हटलं, चार्जिंग होईपर्यंत बिलं हाताने कर. तिने बिलबुक पुढे ओढलं.

१६ डिसेंबर, मंगळवार

नामपल्लीवाल्याने दगा दिला. लग्नाच्या सीझनमध्ये त्याने दारावरच्या पाट्या घेतल्या आणि आमच्या पट्ट्या मागे टाकल्या. शाळेचं गॅदरिंग शुक्रवारी. दोनशे चाळीसपैकी निम्म्यासुद्धा झालेल्या नाहीत. सुलभा रोज त्याच्या डोक्यावर जाऊन बसते. रिक्षाने जाते, कारण गाडी चार्जिंगला असते. मी फोनवर त्याला चांगलं सुनावलं. तो म्हणाला, भाभीजान इतने आराम से बोलते, आप कायकू चिल्लाते?

१९ डिसेंबर, शुक्रवार

ट्रॉफ्या गाडीने पोचवल्या. प्रवासात एकही ओरखडा नाही, राइड अतिशय स्मूद. ऐंशी ट्रॉफ्यांवर नावं नव्हती. स्टेजवर मुलांना कोऱ्या ट्रॉफ्या दिल्या. प्रिन्सिपल बाईंनी सुलभाला पालकांसमोर बोलावून विचारलं. मी गाडीत होतो, नो पार्किंग होतं.

सुलभा परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी म्हटलं, एसी लावू का?

२३ डिसेंबर, मंगळवार

शाळेचा फोन. पुढच्या वर्षीपासून ऑर्डर दुसरीकडे. आबिड्सला कुणाकडे मशीन आहे म्हणे, समोर उभं राहून नाव कोरून देतो. नऊ वर्षांचं गिऱ्हाईक. लोकांना निष्ठा नावाची गोष्ट राहिलेली नाही.

सुलभा रात्री जेवली नाही. मी धीर दिला, की हे नुकसानही टॅक्समध्ये निघून जाईल. ती म्हणाली, शाळा तर निघून गेलीच. मग म्हणाली, मशीन असतं तर एका दिवसाचं काम होतं. हे ती ओरडून म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

१२ जानेवारी २०२६, सोमवार

व्याजावरची दीड लाखाची सूट बंद झालेली आहे. मार्च २०२३ नंतरच्या कर्जांना लागूच नाही. टॅक्स गुरूचा व्हिडिओ जुना होता. खाली कमेंटमध्ये कुणीतरी लिहिलंय. कमेंट कोण वाचतं? मीही एक कमेंट लिहिली. आता ती वाचायला कुणी नाही.

हरकत नाही. घसारा आहे. घसारा ही मुख्य गोष्ट आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज प्रियदर्शिनीकडे जाऊन आलो. मी ठरवलं नव्हतं, सुलभाने तिची वेळ घेतली. गेल्या वर्षीची फीसुद्धा सुलभाने परस्पर देऊन टाकली होती, हे तिथे कळलं.

मी फाइल पुढे ठेवली आणि म्हटलं, ही गाडी धंद्यात दाखव. ती म्हणाली, अंकल, दाखवायची कुठे? मी म्हटलं, हिशेबात. ती म्हणाली, हिशेबाची पुस्तकंच नाहीत ना तुमची. बाबांच्या वेळेपासून तुमचं रिटर्न अंदाजे नफ्याच्या स्कीममध्ये जातं. वर्षाच्या विक्रीवर ठरावीक टक्के नफा धरायचा, बस. भाडं, पगार, वीज, गाडी, सगळे खर्च त्यातच आले असं धरतात. वेगळं काही दाखवता येत नाही. म्हणून मी फोन करत होते, बाय करायच्या आधी.

म्हणजे वीस वर्षं माझा नफा अंदाजपंचे चालला होता आणि मला कुणी सांगितलं नाही. सुलभा म्हणाली, हिम्मतरावांनी सांगितलं होतं, तुम्ही तेव्हा त्यांना कॅलेंडर देत होतात.

मी म्हटलं, मग ही स्कीम सोडतो. चाळीस टक्के परत मिळतात. प्रियदर्शिनीने खुर्ची पुढे ओढली. घसारा म्हणजे पैसे परत नाही अंकल. नफ्यातून तेवढी रक्कम वजा धरतात आणि उरलेल्यावर टॅक्स लावतात. आणि गाडी नोव्हेंबरमध्ये घेतली, तर पहिल्या वर्षी अर्धाच. स्कीम सोडली की पाच वर्षं परत येता येणार नाही, सगळी बिलं ठेवायची, ऑडिट. जीएसटी विचारला. म्हणाली, बसून फिरायच्या गाडीवर क्रेडिट, म्हणजे भरलेला जीएसटी परत, मिळत नाही. भाड्याने पॅसेंजर नेणाऱ्याला मिळतं, ड्रायव्हिंग स्कूलला मिळतं.

मी विचारलं, मग वाचला किती? ती सुलभाकडे बघू लागली. मी म्हटलं, सांग, मला ऐकायची सवय आहे. मग तिने कॉम्प्युटरची स्क्रीन माझ्याकडे वळवली. वाचायला आधी लागायला पाहिजे ना अंकल. तुमचं इन्कम लिमिटच्या खाली आहे. तुमचा टॅक्स झीरो आहे. मागच्या वर्षी पण झीरो. मी हे ऑफिस बघायला लागले तेव्हापासून झीरो.

मी म्हटलं, खोटं आहे, मी दर महिन्याला भरतो. ती म्हणाली, तो जीएसटी. तो कस्टमरचा असतो, तुम्ही त्यांच्याकडून घेऊन पुढे पोचवता.

म्हणजे हमाल.

स्क्रीनवर एकाखाली एक शून्यं होती. त्या पोरीच्या चेहऱ्यावर दया होती, ती मला अजिबात सहन झाली नाही. लाज वाटली. इतकी, की चहा आला तो तसाच राहिला. सुलभाला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. तिला माहीत होतं. रिटर्नचा ओटीपी दर वर्षी तिच्याच फोनवर येतो. खाली आल्यावर मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्ही सगळीकडे इतक्या अभिमानाने सांगायचात, की आम्ही टॅक्स भरणारी माणसं. मला तो मोडवेना.

मला भयंकर राग आला. कुणाचा ते अजून ठरलेलं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं. सीए बदलायचा. नारायणगुड्याला एक नावाजलेला आहे. त्याने अडीच हजार रुपये घेऊन हेच सांगितलं. पावती धंद्याच्या नावाने मागितली. तो म्हणाला, कशासाठी?

१८ फेब्रुवारी, बुधवार

शोरूमला गेलो, गाडी परत घ्या म्हणून. कुलदीपने पहिल्यांदा ओळखलंच नाही. मग गाडीभोवती फिरला, दरवाजावर नखाने टकटक केलं, आणि एक आकडा बोलला. मला वाटलं हप्ता सांगतोय. ती किंमत होती. म्हणाला, बॅटरी की गाडी है साब, सेकंड में रेट नक्को पूछो. और ये स्टिकर निकालेंगे तो पेंट जाता.

तीन महिन्यांत एवढी उतरली. घसारा शेवटी मिळाला, पण असा.

कर्ज फेडायलाही ते पैसे पुरत नाहीत. गाडी घरी आणली.

५ मार्च, गुरुवार

सुलभाने परस्पर सगळं ठरवून टाकलं. पुष्करच्या ऑफिसला माणसं ने-आण करायला गाड्या लागतात. पुष्करची लीजची गाडी महिनाअखेर परत जाणार, कंपनीने ती स्कीमच बंद केली. (हे ऐकून मला आनंद झाला नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल.) सुलभा श्रुतीशी बोलली, श्रुती पुष्करशी, पुष्कर ऑफिसशी. महिन्याचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. त्या पैशांत गाडीचा हप्ता जातो आणि उरलेल्यात मशीनचा हप्ता बसतो. प्रियदर्शिनीला विचारून आली. ती म्हणाली म्हणे, आता मात्र गोष्ट वेगळी, आता क्रेडिटचं बघता येईल. गाडीला टॅक्सीचं परमिट. नंबर प्लेट हिरवीच राहील, अक्षरं पिवळी होतील.

मी म्हटलं, आणि ड्रायव्हर? ड्रायव्हरचा पगार दिला तर काही उरत नाही, म्हणाली. मग गाडीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. मला कळायला जरा वेळ लागला.

मी साफ नाही म्हटलं. मी दुकानाचा मालक आहे. ती शांतपणे म्हणाली, दुकानात तुमच्याकडे कोणकोणती कामं आहेत तेवढी सांगा, मी त्याला माणूस ठेवते. मी विचार केला. मालाच्या ऑर्डरी ती देते. गिऱ्हाइकं ती बघते. पट्ट्या, पॅकिंग, वसुली, तीच. मी म्हटलं, टॅक्स. त्यावर ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

१९ मार्च, गुरुवार, पाडवा

मशीन आलं. दुकानात गुढी, मशीनला हार. बारीक आवाज करत निळ्या उजेडात अक्षरं उमटतात. सुलभा लहान मुलीसारखी बघत उभी होती. इतक्या वर्षांत दुकानात तिला असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, आवाज फार येतो. तिला ऐकू गेलं नाही.

१ एप्रिल, बुधवार

आजपासून ड्युटी. ही व्यवस्था तात्पुरती आहे, हे सगळ्यांना स्पष्ट सांगितलं आहे. दुकानाचा स्टिकर काढला. रंग गेला.

९ एप्रिल, गुरुवार

दुपारी दोन खेपांमध्ये वेळ होता म्हणून दुकान माझ्याशिवाय कसं चालतंय ते बघायला गेलो. चालत होतं. सिकंदराबादच्या शाळेच्या बाई आल्या होत्या. मशीन बघायला म्हणून आल्या आणि परत ऑर्डर देऊन गेल्या. सुलभाने त्यांना चहा मागवला. मलाही एक मागवला.

१३ एप्रिल, सोमवार

सकाळी पुष्करला कोंडापूरहून घेतलं. सिक्युरिटीने पुढच्या गेटने सोडलं. पुष्कर मागे बसला. बरोबर त्याच्या ऑफिसची एक मुलगी, मृण्मयी, नवीन. तिने विचारलं, हा ड्रायव्हर नेहमीचा आहे का, रात्रीच्या शिफ्टला चालेल का? मी आरशात बघितलं नाही. पुष्कर म्हणाला, हो, एकदम भरवशाचा. ओळखीतला आहे.

साडू आहे म्हणाला नाही. ते बरंच झालं, त्याचीच पंचाईत झाली असती. पण भरवशाचा म्हणाला. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल चारचौघांत चांगलं काही बोललेला हा पहिलाच माणूस, आणि तो पुष्कर निघावा याचा मला फार संताप आला.

ऑफिसच्या दारात मृण्मयी उतरली. खिडकीशी आली आणि वीस रुपये पुढे केले. चाय पी लो अंकल. नको म्हणणार होतो. मागे हॉर्न वाजत होते, घेतले. पुष्कर मोबाईलमध्ये होता, त्याने पाहिलं नाही. सवयीने खेपांच्या वहीत लिहिले: जमा, वीस रुपये.

संध्याकाळी दुकान बंद करताना सुलभाने माझी खेपांची वही मिटली आणि पाठमोरं राहूनच विचारलं, ते वीस रुपये गल्ल्यात टाकले का?

टाकले.